शपथ, प्रतिज्ञा आणि दृढकथन : नेमका फरक काय?

अजनीकर_कन्या :
नमस्कार. आमच्या घरात गेले आठ दिवस एका शब्दावरून वाद सुरू आहे, म्हणून हा धागा काढते आहे.

वारसासंबंधीच्या एका कामासाठी बाबांना एका कार्यालयात शपथपत्र द्यायचे होते. बाहेर टेबल टाकून बसलेल्या टंकलेखकाने नेहमीचा नमुना काढून दिला. त्याची सुरुवात ‘मी ईश्वरसाक्ष शपथेवर लिहून देतो की’ अशी होती. बाबांचे वय बहात्तर. शाळेत सारा जन्म गणित शिकवण्यात गेला आणि ईश्वर ते मानत नाहीत. त्यांनी खिशातले शाईचे पेन काढले, ‘ईश्वरसाक्ष शपथेवर’ हे दोन शब्द पट्टीने आखल्यासारख्या सरळ रेघेने खोडले, वर ‘प्रतिज्ञेवर’ असे लिहिले आणि समासात छोटी सही केली. खिडकीतल्या गृहस्थांनी कागद परत केला. शपथपत्रात शपथच नसेल तर ते शपथपत्र कसले, असे त्यांचे म्हणणे. बाबांचे म्हणणे असे की, ज्याचे अस्तित्वच मला मान्य नाही त्याला साक्षीला बोलावले, तर सगळे खरे लिहिण्याची हमी देणाऱ्या कागदात पहिलेच विधान खोटे होते. आईचे म्हणणे असे की, दोन्हींचा अर्थ एकच आहे आणि उन्हात तिसरी फेरी होता कामा नये.

माझे प्रश्न दोन आहेत. शपथ आणि प्रतिज्ञा यांच्या अर्थात खरोखर फरक आहे का? आणि असला तर कायदा तो मानतो का?

संत्राबर्फी :
आईशप्पथ, काहीही फरक नाही.

सदरचा_वकील :
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो. शपथ अधिनियम, १९६९ च्या कलम ५ नुसार साक्षीदाराला शपथेऐवजी प्रतिज्ञा करता येते आणि तसे का करायचे आहे याचे कारण त्याला द्यावे लागत नाही. जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ तर याही पुढे जातो : ज्यांना कायद्याने शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याची मुभा आहे, त्यांच्या बाबतीत ‘शपथ’ या शब्दातच प्रतिज्ञेचा समावेश होतो, अशी व्याख्याच तेथे आहे. तेव्हा शीर्षक शपथपत्र आणि आत प्रतिज्ञा, यात विसंगती काही नाही. खिडकीतल्या गृहस्थांची शंका १८९७ सालीच फिटलेली आहे.

परिणामही सारखेच आहेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ प्रमाणे न्यायालयीन कार्यवाहीत जाणूनबुजून खोटा पुरावा देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत आणि इतर बाबतीत तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. त्याने देवाला साक्षी ठेवले होते की नव्हते, हे तेथे कोणी विचारत नाही.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. चित्रपटातल्या न्यायालयात लाल कापडात गुंडाळलेली गीता येते, तसा कोणताही ग्रंथ या कायद्याच्या नमुन्यात नाही. साक्षीदाराने आपल्या समाजात रूढ असलेल्या पद्धतीने शपथ घेण्याची इच्छा दाखवली, तर न्यायालय तशी परवानगी देऊ शकते, इतकेच.

शंकासुर :
वकीलसाहेब, शिक्षा तीच, कलम तेच, मग भाषेने दोन शब्द कशाला सांभाळले? बाजारात एकाच किमतीची आणि एकाच चवीची दोन फळे असली, तरी कोणीतरी त्यांना वेगळी नावे उगाच देत नाही. धागाकर्तीचा पहिला प्रश्न आपण शिताफीने टाळलात.

महालच्या_बाई :
तो प्रश्न मी घेते.

‘शपथ’ हा शब्द ‘शप्’ या धातूपासून येतो आणि ‘शाप’ही त्याच धातूचा. शपथ म्हणजे माणसाने स्वतःला सशर्त दिलेला शाप : मी खोटे बोलत असेन तर माझे अमुक वाईट होवो. म्हणून शपथेला बोलणारा, ऐकणारा आणि शाप खरा करणारी तिसरी शक्ती असे तिघे लागतात. ती शक्ती ईश्वर असेल, गंगा असेल, आई असेल किंवा हातातली भाकरी असेल. ‘प्रतिज्ञा’ मात्र ‘ज्ञा’ धातूची. तिथे तिसऱ्याची गरज नसते. माणूस आपल्याच नावावर शब्द देतो.

वाल्मीकिरामायणात भरत आजोळहून परततो, तेव्हा रामाला वनात धाडण्यात त्याचाही हात असावा असे कौसल्येला वाटते. त्या प्रसंगी तो जे बोलतो ती निखळ शपथ आहे. ज्याच्या संमतीने राम वनात गेला असेल, त्याला झोपलेल्या गाईला लाथ मारल्याचे पाप लागो, अशा पापांची तो एकामागून एक यादीच देतो. घडून गेलेल्या गोष्टीविषयी आपण निर्दोष आहोत, हे सांगण्याचा दुसरा मार्ग त्याच्याजवळ नव्हता.

महाभारतात द्रोणपर्वातल्या एका उपपर्वाचे नावच प्रतिज्ञापर्व आहे. उद्या सूर्यास्तापूर्वी जयद्रथाला मारीन, ही अर्जुनाची प्रतिज्ञा. त्याच भाषणात तो पुढे म्हणतो की, तसे न केल्यास पापी माणसांना मिळणारे लोक मला मिळोत. तो झाला शपथेचा भाग. एकाच तोंडून निघालेल्या बोलण्यात दोन्हींचा सांधा स्पष्ट दिसतो.

पाचवी_ब :
आमच्या वर्गात याचे नियम फार काटेकोर होते. गळ्याची कातडी चिमटीत धरून ‘गळ्याशप्पथ’ म्हणायचे. विद्येची शपथ त्याहून वरची, कारण ती मोडली तर नापास होण्याची भीती. आणि समोरच्याने ‘सुटली’ म्हटले की शपथ सुटत असे! महालच्या बाईंचे विवेचन वाचल्यावर आज लक्षात आले की, शपथ दुसऱ्याला सोडवता येते कारण ती बाहेरून बांधलेली असते. ‘तुझी प्रतिज्ञा सुटली’ असे मात्र आम्ही कोणीच कधी म्हटले नाही.

निवृत्त_शिरस्तेदार :
तीस वर्षे मी न्यायालयात साक्षीदारांना शपथ दिली आहे, म्हणून एक प्रसंग सांगतो.

जमिनीच्या एका दाव्यात एक म्हातारे शेतकरी साक्षीला आले होते. पिंजऱ्याचे लाकडी कठडे दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे. मी सांगत होतो आणि ते मागून म्हणत होते. ‘ईश्वरसाक्ष’ या शब्दापाशी ते थांबले आणि मलाच विचारते झाले, ‘कोणता?’ मी गोंधळून न्यायाधीशांकडे पाहिले. न्यायाधीश म्हणाले, ‘तुमचा जो असेल तो.’ त्यावर म्हातारबुवा म्हणाले, ‘मग थांबा जी, चप्पल काढतो.’ त्यांनी खाली उतरून चपला दाराशी ठेवल्या, परत वर चढले आणि पुढचे म्हणाले. उलटतपासणीत त्यांनी स्वतःच्या मुलाच्या विरुद्ध जाणारी एक गोष्ट कबूल केली.

कायद्याला दोन्ही सारखेच वाटतात हे वकीलसाहेबांचे म्हणणे बरोबर आहे; पण त्या माणसाला नमुन्यातली दुसरी, प्रतिज्ञेची ओळ दिली असती, तर त्याने चपला काढल्या नसत्या, असे मला आजही वाटते.

आपल्याकडे बेलभंडाराची चालही हीच गोष्ट सांगते. बेलाचे पान आणि भंडारा हाती घेऊन दिलेला शब्द म्हणजे देवाच्या दारात ठेवलेले तारणच. वतनाच्या तंट्यात साक्षीपुरावा संपला की मराठेशाहीत दिव्य करण्यापर्यंत पाळी येई. रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा. शपथेत मागून येणारी दैवी शिक्षा तिथे जागच्या जागी मागितली जात असे.

शंकासुर :
शिरस्तेदारसाहेब, चपलांचा प्रसंग हृद्य आहे. पण चपला काढून खोटे बोलणारेही आपण पाहिले असतीलच.

निवृत्त_शिरस्तेदार :
पुष्कळ. त्यांतले काही तर अनवाणीच आले होते.

इंदोरा_वाचक :
नागपुरात बसून या विषयावर बोलताना दीक्षाभूमीचा उल्लेख अजून कसा झाला नाही, याचे आश्चर्य वाटते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी अशोक विजयादशमीला महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण व पंचशील घेतल्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना जे दिले, त्याला आपण ‘बावीस प्रतिज्ञा’ म्हणतो. कोणीही ‘बावीस शपथा’ म्हणत नाही. यामागे केवळ सवय आहे असे मला वाटत नाही. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, हे जिथे पहिल्याच प्रतिज्ञेत आहे, तिथे देवाला साक्षीला कसे बोलावणार? साक्षी कोणी असलाच तर तो शेजारी उभा असलेला माणूस.

पंचशीलाची पाली वाक्येही या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. प्रत्येक शील ‘वेरमणी सिक्खापदं समादियामि’ या शब्दांनी संपते, म्हणजे अमुक गोष्टीपासून दूर राहण्याचा शिक्षानियम मी स्वीकारतो. त्यात शाप नाही, तारण नाही. चुकलो तर पुन्हा स्वीकारायचे. माझी आजी रोज संध्याकाळी वंदना घेताना ते पुन्हा म्हणत असे, आणि काल घेतलेले आज पुन्हा का घ्यायचे, असे लहानपणी मी विचारले, तेव्हा ‘काल घासलेले भांडे आज पुन्हा घासतोसच ना?’ असे तिने उत्तर दिले होते.

तेव्हा धागाकर्तीच्या वडिलांनी केलेली दुरुस्ती मला पूर्णपणे योग्य वाटते.

शंकासुर :
येथेच मला अडचण दिसते. बावीस प्रतिज्ञा पुढच्या वागण्याविषयी आहेत : हे करीन, ते करणार नाही. भीष्माचे आणि अर्जुनाचेही तसेच. धागाकर्तीच्या वडिलांना मात्र पुढचे काहीच सांगायचे नाही. अमुक व्यक्ती अमुक दिवशी वारली आणि मी तिचा वारस आहे, हे घडून गेलेले आहे. घडून गेलेल्याची प्रतिज्ञा कशी करणार? ‘माझे वडील वारले आहेत अशी मी प्रतिज्ञा करतो’ हे मराठी कानाला खटकत नाही काय? बाईंनीच दिलेल्या भरताच्या दाखल्यावरून पाहिले, तर भूतकाळासाठी शपथच हवी. खिडकीतले गृहस्थ चुकीच्या कारणाने का होईना, बरोबर होते.

संत्राबर्फी :
शंकासुरांनी पहिल्यांदाच मुद्द्याचे लिहिले, हे मी दृढपणे कथन करतो.

अमरावतीहून :
संत्राबर्फींनी थट्टेत का होईना, नेमका शब्द उच्चारला. भारतीय संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्री, आमदार, खासदार, न्यायाधीश यांच्या शपथांचे नमुने आहेत आणि प्रत्येकात दोन पर्याय दिलेले आहेत. मराठीत ते ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ आणि ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ असे आहेत. हिंदी पाठात दुसऱ्या पर्यायासाठी ‘सत्यनिष्ठा से प्रतिज्ञान करता हूँ’ असे आहे. म्हणजे ‘प्रतिज्ञा’ हा शब्द हिंदीने ‘प्रतिज्ञान’ करून बाजूला ठेवला आणि मराठीने तर सोडूनच दिला. भाषांतर करणाऱ्यांनाही शंकासुरांचीच अडचण जाणवली असेल का, असा विचार मनात येतो. १५ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरच्या राजभवनात एकोणचाळीस मंत्र्यांचा शपथविधी झाला, तेव्हा दूरचित्रवाणीसमोर बसून मी कान देऊन ऐकत होतो. कोणताही पर्याय घेतला तरी त्या सोहळ्याला आपण ‘शपथविधी’च म्हणतो, ‘दृढकथनविधी’ म्हणायला जीभ वळत नाही.

मोमिनपुऱ्याचा_मित्र :
आमच्याकडे शपथपत्राला ‘हलफनामा’ म्हणतात आणि हलफ म्हणजे शपथच. पण इस्लामी शास्त्रातही दोन गोष्टी वेगळ्या मानल्या आहेत. अल्लाहच्या नावाने घेतलेली कसम ही एक आणि नज्र, म्हणजे अमुक झाले तर अमुक करीन अशी मन्नत, ही दुसरी. आपल्या नवसाच्या ती जवळ जाते. पुढे अमुक करीन अशी कसम घेऊन ती मोडली, तर कुराणात प्रायश्चित्त सांगितले आहे : दहा गरिबांना जेवण किंवा कपडे द्यावेत किंवा गुलाम मुक्त करावा, आणि हे शक्य नसेल तर तीन दिवस रोजे ठेवावेत. घडून गेलेल्या गोष्टीविषयी जाणूनबुजून खोटी कसम खाणे मात्र मोठ्या पापांत मोजले जाते, आणि ते केवळ जेवण घालून फिटते असे पुष्कळ विद्वान मानत नाहीत. शंकासुरांनी भूत आणि भविष्य यांत जी रेघ ओढली, ती आमच्याकडेही आहे. फक्त आमच्याकडे तिच्या दोन्ही बाजूंना कसमच आहे.

महालच्या_बाई :
शंकासुरांचा आक्षेप खरोखर मोलाचा आहे, आणि तो वाचून मीही थबकले. भूतकाळाची प्रतिज्ञा आज कानाला खटकते हे मान्य. परंतु ‘भविष्यातले वचन’ हा प्रतिज्ञेचा एकच अर्थ नव्हे.

न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, अनुमानाची पाच अंगे सांगतात : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. तिथे ‘पर्वतावर अग्नी आहे’ ही प्रतिज्ञा आणि ‘कारण धूर दिसतो’ हा हेतू. यात वचन कोठे आहे? जे मी सिद्ध करून दाखवणार आहे त्याचे विधान, इतकाच प्रतिज्ञेचा अर्थ. आणि शंकासुरांना विशेष आवडेल अशी गोष्ट म्हणजे, धर्मशास्त्रातल्या व्यवहारप्रकरणात, म्हणजे खटल्यांविषयीच्या भागात, वादीने मांडलेल्या मूळ फिर्यादीलाही प्रतिज्ञाच म्हटले आहे. त्या विचारात खटला चार पायांवर उभा असतो : आधी वादीची प्रतिज्ञा, मग प्रतिवादीचे उत्तर, मग पुरावा आणि शेवटी निर्णय. अमुक शेत माझे आहे, अमुकाने माझे कर्ज बुडवले, ही सगळी विधाने झालेल्या गोष्टींविषयीचीच. शपथ येते ती तिसऱ्या पायरीवर, पुरावा म्हणून. तीही माणसांचे साक्षीपुरावे अपुरे पडले तर.

म्हणजे ‘प्रतिज्ञापत्र’ हा शब्द मराठीत चुकून आलेला नाही. ‘मी हे विधान करतो आणि त्याच्या सिद्धतेची जबाबदारी माझी’ असा त्याचा अर्थ लावला, की तो कागदाला चपखल बसतो. धागाकर्तीच्या वडिलांनी गणित शिकवले आहे. भूमितीत आपण पक्ष, साध्य, सिद्धता असे लिहितो, त्यातले ‘साध्य’ म्हणजे नैयायिकांच्या प्रतिज्ञेचे चुलत भावंड, असे त्यांना माझ्या वतीने सांगावे.

पाचवी_ब :
हे वाचून शाळेतली प्रतिज्ञा आठवली. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती १९६२ मध्ये तेलुगूत लिहिली. तिची पहिली दोन वाक्ये, भारत माझा देश आहे आणि सारे भारतीय माझे बांधव आहेत, ही तर नुसती विधाने आहेत. ‘करीन’, ‘ठेवीन’ पुढे येते. एकाच प्रतिज्ञेत दोन्ही अर्थ आम्ही दहा वर्षे हात पुढे करून म्हणत होतो आणि लक्ष मात्र पुढच्याच्या शर्टावरच्या शाईकडे.

शंकासुर :
बाई, फिर्यादीचा दाखला निर्णायक आहे. मी माझा आक्षेप मागे घेतो, ‘सुटली’ म्हणा.

सदरचा_वकील :
आता धागाकर्तीच्या वडिलांच्या मूळ युक्तिवादाकडे येतो, कारण तो इंग्लंडच्या संसदेत गाजलेला आहे. चार्ल्स ब्रॅडलॉ हे नास्तिक गृहस्थ १८८० मध्ये नॉर्दम्प्टनमधून निवडून आले. त्यांनी शपथेऐवजी प्रतिज्ञा करू द्या म्हटले, तर सभागृहाने नाकारले. मग ते शपथ घ्यायला तयार झाले, तर ईश्वर न मानणाऱ्याची शपथ त्याच्या मनाला बांधणार कशी, असे म्हणून तीही नाकारली. पुन्हा पुन्हा निवडून येऊनही त्यांना १८८६ पर्यंत ताटकळावे लागले आणि १८८८ मध्ये प्रतिज्ञेचा पर्याय कायद्याने खुला झाला. गंमत पाहा : तेव्हा नास्तिकाची शपथ पोकळ म्हणून सभागृह ती घेऊ देत नव्हते आणि आज खिडकीतले गृहस्थ तीच पोकळ शपथ आग्रहाने मागत आहेत.

नमुन्यातले शब्द बदलल्याने काय होते, याचेही एक उदाहरण आपल्याकडे आहे. २ डिसेंबर १९८९ रोजी मंत्रिपदाची शपथ देताना राष्ट्रपती वेंकटरामन ‘मंत्री’ असे सांगत होते आणि देवीलाल ‘उपप्रधानमंत्री’ असे म्हणत होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पदाचे नाव हा शपथेतला केवळ वर्णनाचा भाग आहे आणि बांधून घेणारा गाभा शाबूत आहे, म्हणून शपथ वैध, असा निर्णय १९९० मध्ये झाला.

व्यावहारिक सल्ला इतकाच की, खाडाखोड केलेला कागद पुन्हा नेऊ नये. ‘सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की’ असा मजकूर नव्याने टंकित करून घ्यावा. आणि त्या कामाला कायद्याने शपथपत्र आवश्यक आहे का, हेही विचारावे. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये पुष्कळ दाखल्यांसाठी शपथपत्राऐवजी साधे स्वयंघोषणापत्र पुरेसे केले आहे.

संत्राबर्फी :
स्वयंघोषणापत्रात ना देव, ना शपथ, ना स्टँप. नास्तिकांची तीर्थक्षेत्री सोय म्हणावी अशी.

अजनीकर_कन्या :
सर्वांचे मनापासून आभार. काल काम झाले. आमच्या कामाला स्वयंघोषणापत्र चालत नाही असे कळले, म्हणून पुन्हा त्याच टंकलेखकाकडे गेलो. ‘सत्यप्रतिज्ञेवर कथन’ असे बाबांनी सांगताच तो म्हणाला, ‘तो नमुना आहे ना माझ्याकडे, काका, आधी नाही का सांगायचं?’ आणि दोन मिनिटांत कागद बाहेर आला. त्यात ‘प्रतिज्ञा’ऐवजी ‘प्रतीज्ञा’ असे पडले होते. बाबांनी ते दुरुस्त झाल्याशिवाय सही करायला नकार दिला, त्यामुळे आणखी दहा रुपये आणि पंधरा मिनिटे गेली. खिडकीतल्या गृहस्थांनी शीर्षक वाचले, मागे वळून वरिष्ठांना ‘प्रतिज्ञापत्र चालते का?’ असे विचारले आणि उत्तर ऐकू येण्यापूर्वीच शिक्का मारला.

महालच्या बाई, ‘साध्य’ची गोष्ट बाबांना वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली आणि मग, चुलत नव्हे, सख्खेच भावंड आहे, असे सांगायला सांगितले. खाडाखोड झालेला पहिला कागद घरीच आहे. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर आईने या महिन्याचा दुधाचा हिशेब सुरू केला आहे.